मोज्यांच्या टेकडीची खोटी गोष्ट

नाना, तुमच्या शोकसभेला मी समुद्रकिनाऱ्यावरून हजर होतो.

बसलो होतो नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात माझ्याच घराच्या माळ्यावर, पण ऑफिसातल्या कुणाच्या तरी ऑनलाइन निरोप समारंभासाठी लावलेली नारळाची झाडं माझ्या पाठीमागे तशीच राहिली होती. चाळीसेक चौकोनांत चाळीसेक गंभीर चेहरे, आणि एका चौकोनात पांढरा सदरा घातलेला मी, मागे निळंशार पाणी. बायको खालून ओरडली, "अहो, ते नारळ काढा आधी!" घाईघाईनं नारळ काढायला गेलो आणि स्वतःच सभेबाहेर पडलो. परत आत आलो तेव्हा मिलिंद बोलत होता. तुमचा मुलगा, माझा ऑफिसातला मित्र, एरवी एका वाक्यात दोन विनोद करणारा, त्या दिवशी कागदावर लिहून आणलेलं वाचत होता. "शेवटच्या वर्षी बाबांची स्मरणशक्ती जरा दगा देत होती," तो म्हणाला, "पण स्वभाव शेवटपर्यंत तोच राहिला."

सगळ्या चौकोनांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, "गणपतीच्या कार्यक्रमात त्यांनी ती मोज्यांची गोष्ट सांगितली होती, आठवतंय? सगळी उलटीपालटी. पण नंतर किती छान हसले होते!" लोक डोळे पुसत हसले. मीही मान हलवली.

माझा माइक बंद होता, नाना. नारळांचं चुकून झालं, माइक मी मुद्दाम बंद ठेवला होता.

म्हणून आता आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या या अंकात, त्याच चाळीस जणांसमोर, लिहून देतो. तुमच्या स्मरणशक्तीला काहीही झालेलं नव्हतं. ती गोष्ट तुम्ही विसरला नव्हतात आणि उलटीपालटीही केली नव्हतीत. मी जशी सांगितली तशी, एक शब्द इकडचा तिकडे न करता, तुम्ही सांगितलीत. ती मुळातच खोटी होती आणि मी रचलेली होती.

तुम्ही आणि काकू तीन महिन्यांसाठी लेकाकडे आलात आणि कोरोनामुळे विमानं बंद झाली. तीनाचे नऊ महिने झाले. पुण्यात चाळीस वर्षं रोज सकाळी टेकडी चढणारे तुम्ही, दुसऱ्याच दिवशी विचारलंत, "इथे टेकडी कुठल्या अंगाला?" मिलिंद म्हणाला, "बाबा, हा नेदरलँड्स आहे. इथे स्पीड ब्रेकरला घाट म्हणतात."

मी मिलिंदच्या फाटकाबाहेर, नियमाप्रमाणे दीड मीटरवर, किराण्याच्या पिशव्या घेऊन उभा होतो. मला कुणी काही विचारलं नव्हतं. तरी म्हणालो, "आहे ना! मी दाखवतो." माझ्या बहुतेक फजित्या "आहे ना, मी दाखवतो" या वाक्यानं सुरू झालेल्या आहेत. याच वाक्याच्या जोरावर मी एकदा सासऱ्यांना द हेगला राजवाडा दाखवायला नेलं होतं आणि पाऊण तास एका विमा कंपनीच्या इमारतीसमोर त्यांचे फोटो काढले होते. तो फोटो त्यांच्या दिवाणखान्यात अजून लावलेला आहे. मी काही बोललेलो नाही.

पण टेकडी खरंच होती. सायकलनं अर्धा तास गेलं की घरं संपतात आणि माळ लागतो. रेताड जमीन, गुडघ्याएवढी हाइडची झुडपं, मधूनमधून पाण्याची डबकी. या माळाच्या मधोमध तीन मजली इमारतीएवढा एक उंचवटा, वर एक वाकडं पाइनचं झाड, एक बाक आणि लाकडी पाटीवर नाव: काउसनबेर्ख. काउस म्हणजे मोजा, बेर्ख म्हणजे डोंगर. मोज्यांचा डोंगर. 'डोंगर' ऐकून तुम्ही बाकावर बसून हसलात. "अरे, नकाशावर याची एक रेघ पडायची मारामार. आमच्या खात्यात याला उंचवटा म्हणतात."

"टेकडी तरी म्हणा, नाना."

"उंचवटा."

हा वाद नऊ महिने चालला. मी अजूनही टेकडीच म्हणतो. आता पलीकडून उत्तर येत नाही, त्यामुळे जिंकल्यासारखंही वाटत नाही.

तुमचं सगळं आयुष्य भूमी अभिलेख खात्यात जमिनी मोजण्यात गेलेलं. तुम्ही पाटीवर हात ठेवलात आणि विचारलंत, "मोज्यांचं नाव का पडलं?"

'माहीत नाही' हे दोन शब्द मला येतात. मराठीत येतात, डचमध्येही येतात. पण त्या दिवशी ऊन पडलं होतं, कित्येक दिवसांत पहिल्यांदाच घराबाहेरचं माणूस इतक्या उत्सुकतेनं माझ्याकडे बघत होतं, आणि माझ्या तोंडून निघालं, "फार जुनी गोष्ट आहे." पुढे काय आहे याची मला स्वतःलाही उत्सुकता होती.

"स्पेनच्या फौजेनं पलीकडच्या गावाला वेढा घातला होता," मी म्हणालो. "गावात दाणा शिल्लक नाही. तेव्हा इथल्या मेंढपाळांनी काय केलं, मेंढ्यांच्या पायांत लोकरीचे मोजे घातले आणि धुक्यातून, शत्रूच्या छावणीला लागून, पावलांचा आवाज न करता सगळा कळप गावात नेला."

"किती मेंढ्या?"

"दोनशे."

"म्हणजे आठशे मोजे."

"हो. आठशे."

"विणले कुणी?"

"गावातल्या बायकांनी."

"गावाला तर वेढा होता."

"शेजारच्या गावातल्या."

"आणि मेंढ्या तोंडानं ओरडल्या नाहीत?"

"डच मेंढ्या, नाना. शिस्तीच्या असतात."

तुम्ही हसला नाहीत. खिशातून ती लहानशी टिपणवही काढलीत. "तुला कुणी सांगितली?"

अजूनही सुटायला जागा होती. मी म्हणालो, "ऑफिसात एक जण आहे. त्याचे आजोबा याच माळावर मेंढ्या राखायचे." असा कुणीही ऑफिसात नाही. आमच्याकडे सगळ्यांचे आजोबा बँकेत होते.

"मग ठीक," म्हणून तुम्ही लिहून घेतलंत, खाली माझं नाव घातलंत, आणि उतरताना मला समजावलंत. मोजणीला गेल्यावर हद्दीचा दगड सापडला नाही तर गावातल्या जुन्या माणसाला विचारायचं आणि तो सांगेल ते त्याच्या नावानिशी लिहायचं. "आठशे मोजे कुणी विणले नसणार, एवढं मलाही कळतं. गोष्ट घडली का, हे मी बघत नाही. इथली माणसं ती सांगतात का, एवढंच बघतो. सांगत असतील तर ती या मातीतली." मी सायकलच्या कुलुपाशी उगाच खटपट करत राहिलो. माझी गोष्ट घडलेली नव्हती आणि या मातीतलीही नव्हती. ती आपल्याकडच्या गडकिल्ल्यांच्या चार गोष्टींमधून उचललेली होती, फक्त बैलांच्या जागी मेंढ्या घातलेल्या.

त्यानंतर आपण रोज गेलो. तुम्ही एकटेही जायचात. मिलिंदची जुनी सायकल तुम्हाला इतकी मानवली की महिन्याभरात वारा समोरून असला तर तुम्ही पुढे आणि मी मागे. ऑगस्टात हाइड फुलली, सगळा माळ जांभळा झाला, आणि मंडळाचा गणपती ऑनलाइन बसला. ज्येष्ठांपैकी कुणी काही सांगावं असं ठरलं. तुम्ही म्हणालात, मी टेकडीची गोष्ट सांगतो.

"त्यापेक्षा पुण्यातल्या टेकडीचं सांगा ना," मी घाबरून म्हणालो.

"पुण्याचं पुणेकरांना काय सांगायचं?"

तुम्ही फार सुंदर सांगितलीत. माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. धुकं असं उतरवलंत की मला स्वतःच्या थापेवर काटा आला. आणि तेव्हा अनघाच्या चौकोनात गडबड सुरू झाली. आपल्या मंडळातल्या अनघाचा नवरा डच, आणि त्याची आई, योहानाबाई, मोदक खायला आलेल्या. अनघा त्यांच्या कानाशी भाषांतर करत होती. बाई आधी गोंधळल्या, मग हसायला लागल्या, मग चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. त्यांचं बालपण त्याच माळाच्या कडेला गेलेलं.

"सासूबाई म्हणताहेत," अनघा म्हणाली, "की गोष्ट अशी नाहीये."

मग त्यांनी खरी सांगितली. या माळावरचे मेंढपाळ मेंढ्या चारता चारता उभ्या उभ्या मोजे विणायचे. असाच एक जण मालकासाठी विणत होता. एक मोजा झाला, दुसरा संपत आला, तेवढ्यात दाट धुकं उतरलं आणि कळप पांगला. मेंढ्या शोधायला जावं तर डबक्यात बुडायची भीती. त्यानं दुसरा मोजा उसवला, लोकरीचं टोक उंचवट्यावरच्या झाडाला बांधलं आणि धागा हातात धरून धुक्यात शिरला. एक मेंढी सापडली की धाग्यानं परत वर. पुन्हा खाली. संध्याकाळपर्यंत सगळा कळप टेकडीवर जमा. घरी गेल्यावर मालकानं मेंढ्या मोजल्या, सगळ्या भरल्या, आणि तो म्हणाला, "बरं. आणि दुसरा मोजा?"

लोक खूप हसले. तुम्हीही. मग योहानाबाईंनी विचारलं, ही पायात मोजे घातलेल्या मेंढ्यांची गोष्ट यांना कुणी सांगितली?

माझं नाव तुमच्या वहीत होतं. वही तुमच्या पुढ्यातच होती. तुम्ही ती मिटलीत.

"कुणी नाही," तुम्ही म्हणालात. "माझ्याच डोक्यात घोटाळा झाला. दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या. वय झालं आता, दुसरं काय!"

"नाना, बदाम सुरू करा!" कुणीतरी ओरडलं.

आणि बदाम खरोखरच सुरू झाले. काकू रोज सात बदाम भिजवून, सोलून तुमच्यापुढे ठेवायच्या आणि तुम्ही खाईपर्यंत हलायच्या नाहीत. मिलिंदनं हाऊसआर्ट्सची, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरची, वेळ घेतली. त्या डॉक्टरनं तुम्हाला शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. तुम्ही दोनपर्यंत उतरलात, मग उणे पाच, उणे बारा, आणि विचारलंत, "असंच खाली जाऊ?" डॉक्टर म्हणाला, आजोबा माझ्यापेक्षा ठीक आहेत. मिलिंदला पटलं नाही. "सुरुवातीला कळत नाही म्हणतात," तो मला म्हणाला. त्यानं तुमच्या फोनवर तुम्ही कुठे आहात ते दाखवणारं अ‍ॅप टाकलं. तुमच्या सायकलची किल्ली काढून घेतली आणि ती आणून माझ्या हातात ठेवली. "तू बरोबर असतोसच. जरा लक्ष ठेव. हल्ली विसरतात."

मी ती किल्ली घेतली, नाना. घेतली आणि खिशात टाकली. त्या क्षणाला तोंड उघडलं असतं तर फार तर दोन दिवस मित्राचा अबोला सोसावा लागला असता. पण मिलिंदच्या घरी माझी प्रतिष्ठा आहे अशी माझी समजूत होती. (नव्हती. हे आता कळलंय.)

मग रोज सकाळी तुम्ही फाटकाशी, कुलूप लावलेल्या सायकलशेजारी, माझी वाट बघत उभे. जिल्ह्यातल्या पडीक शेतांत पन्नास वर्षांपूर्वीचे दगड शोधून काढणारा माणूस, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला मी, ज्याला सुपरमार्केटला जातानाही फोनवरचा नकाशा लागतो. मी दोनदा सुरुवात केली. "नाना, त्या दिवशी गणपतीत..." तुम्ही म्हणालात, "अंतर ठेव, दीड मीटर." दुसऱ्यांदा तुम्ही मध्येच एका मोजणीची हकिकत काढलीत. हाताखालच्या नव्या पोरानं खुंटी चुकीच्या जागी ठोकली होती आणि साहेबाची बोलणी तुम्ही खाल्लीत. "नकाशावर सही माझी होती," तुम्ही म्हणालात. "न तपासता केलेली. मग चूक माझीच की." आणि सायकलवर बसलात. मला माफी मागायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत. याचा मला तेव्हा हायसं वाटण्याइतका आनंद झाला होता, आणि याचाच मला आता तुमच्यावर राग आहे. थोडं ओरडायचं होतंत. मी सुधारलो नसतो, पण झोप लागली असती.

एका ऑक्टोबरातल्या सकाळी तुम्ही खिशातून एक मोजा काढलात. काकूंनी तुमच्यासाठी इथल्या थंडीत विणलेला, राखाडी. "बाईंची गोष्ट इथली आहे," तुम्ही म्हणालात, "पण एका मोज्याचा धागा पुरतो का, ते बघायला हवं." तुम्ही तो शांतपणे उसवायला लागलात. मी म्हटलं, काकू जीव घेतील. तुम्ही म्हणालात, "दुसरा आहे ना." टोक पाइनला बांधलंत, गुंडा माझ्या हातात दिलात आणि मला उताराला लावलंत. मी हाइडमधून धडपडत निघालो, एकदा डबक्यात गेलो, बूट भरला, धागा पायात अडकला. मागे वळून पाहिलं तर तुम्ही झाडाशी उभे, एका बोटानं धागा ताणून धरलेला, माझी पावलं मोजत. हातवारे करून सांगत होतात, डावीकडे, डावीकडे. मी पार पाण्याच्या कडेला पोचलो तेव्हा धागा संपला. "पुरला!" तुम्ही वरून ओरडलात. इतकं खूश मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं होतं, की नाना, ती गोष्ट माझी होती, तुमच्या डोक्यात काही घोटाळा नाही. धाग्याचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. पण अंतर फार होतं, आणि शिवाय माझ्या बुटात पाणी होतं. माझ्याकडे नेहमीच काहीतरी कारण असतं.

घरी गेल्यावर एक मोजा कुठे, म्हणून काकूंनी विचारलं. तुम्ही म्हणालात, टेकडीवर राहिला. (टेकडीवर म्हणालात, उंचवट्यावर नाही. मी फाटकातून ऐकलं.) काकूंनी मिलिंदकडे बघितलं, मिलिंदनं माझ्याकडे. पायातला मोजा विसरून येतात आता. दुसऱ्या दिवशी सातांचे नऊ बदाम झाले.

थंडीच्या तोंडावर खास विमान मिळालं आणि तुम्ही दोघं पुण्याला गेलात. निघताना तुम्ही टिपणवहीतून एक पान फाडून मला दिलंत. मेंढ्यांच्या गोष्टीचं, खाली माझं नाव असलेलं. "हे तुझ्याकडे असू दे," एवढंच. म्हणजे वहीत मागे काही राहिलं नाही. मी ते पान घेतलं आणि "पुढच्या वर्षी हाइड फुलली की या," असं काहीतरी म्हणालो. पुढचं वर्ष असं आलं: दुसरी लाट, आणि दवाखान्यात तुम्ही एकटे.

शोकसभेनंतरच्या रविवारी मी मिलिंदला माळावर बोलावलं. बाकाच्या दोन टोकांना आम्ही दोघं. मी ते पान त्याच्यापुढे धरलं आणि सगळं सांगितलं.

तो बराच वेळ पान वाचत राहिला. चार ओळींचं पान.

"गाढव आहेस तू," तो म्हणाला.

"हो."

"मी बाबांची सायकल काढून घेतली."

"हो."

"आणि किल्ली तुला दिली. तुला!"

त्यानं बूट काढला, रेती झटकली, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग म्हणाला, "म्हणजे मी ते भाषण उगाचच वाचलं. सगळ्यांसमोर." आणि थोड्या वेळानं, "आईला तू सांगायचंस. मी नाही."

काल दुपारी काकूंना फोन केला. मी मोठी प्रस्तावना जुळवून ठेवली होती; काकू म्हणाल्या, "मुद्द्याचं बोल." मग मी मुद्द्याचं बोललो. त्यांनी मला मधे एकदाही थांबवलं नाही, "हं, हं" म्हणत ऐकत होत्या.

"म्हणजे ते विसरत नव्हते?"

"नाही, काकू. काहीच विसरत नव्हते."

"आणि माझा मोजा?"

"उसवला. धागा मोजायला."

"मी रोज बदाम सोलत होते रे."

"हो."

"आणि तू बघत होतास."

"हो, काकू."

आता बोलणी बसणार म्हणून मी डोळे मिटून उभा राहिलो. मला ती हवीच होती. पण बोलणी बसली नाहीत.

"दवाखान्यातून त्यांचा शेवटचा फोन आला ना," काकू म्हणाल्या, "तेव्हा खूप बोलले माझ्याशी. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी बोलले नव्हते. मला वाटलं, झालं, आता भ्रमात बोलायला लागले. मी नुसतं हो हो करत राहिले. धड ऐकलंसुद्धा नाही."

तुम्ही काय बोललात, ते मी विचारलं नाही, नाना. तेवढी अक्कल मला आता आलीय.

"म्हणजे ते शुद्धीवर बोलत होते," काकू म्हणाल्या. मला नाही, स्वतःलाच. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ठेव आता फोन," त्या म्हणाल्या. "मला ते सगळं पहिल्यापासून नीट आठवायचंय."